‘आपले’ आणि ‘बाहेरचे’ : ही रेषा कोण आखते?

‘तुम्ही मूळचे कुठले?’ हा आपल्याकडे सहज विचारला जाणारा प्रश्न आहे. उत्तर मिळाले की समोरच्या माणसाचा स्वभाव, खाणेपिणे, पैशाबाबतची वृत्ती, एवढेच काय त्याचा प्रामाणिकपणादेखील आपण मनातल्या मनात ठरवून टाकतो. वर्गातली मुलेही हेच करतात. ‘आगरी तापट असतात’, ‘घाटी असेच’, ‘भैया लोकांचे काही सांगू नका’ ही वाक्ये पाचवी-सहावीतल्या मुलांच्या तोंडी असतात. मुले ती घरातून आणि रस्त्यावरून उचलतात. पण घरात आणि रस्त्यावर ती कुठून आली?

या प्रश्नाचा विचार हवेत करण्यापेक्षा एका गावाच्या आधाराने केलेला बरा. आपण जासई हे गाव घेऊ.

एक गाव, एक अधिसूचना

जासई हे रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यातले गाव. न्हावा-शेवा बंदराकडे जाणारी कंटेनरची वाहतूक याच्या अंगावरून जाते. जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेला अटल सेतू शिवडीहून समुद्र ओलांडून याच परिसरात जमिनीला टेकतो. साठ वर्षांपूर्वीचे चित्र मात्र वेगळे होते. खाडीच्या भरतीला बांध घालून राखलेली खाजणातली भातशेती, मिठागरे आणि मासेमारी यांवर हा सगळा पट्टा जगत होता. ‘आगरी’ हे नावच ‘आगर’ या शब्दावरून, म्हणजे मिठागरातल्या कामावरून पडले असे सांगितले जाते.

मुंबईवरचा गर्दीचा भार हलका करण्यासाठी खाडीपलीकडे नवे शहर वसवावे, ही कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६०च्या दशकाच्या मध्यास मांडली. मार्च १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली. ठाणे, पनवेल आणि उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन या शहरासाठी संपादन करण्याचे ठरले. पुढे न्हावा-शेवा येथे बंदर झाले. ते १९८९ मध्ये सुरू झाले.

जमिनीचा मोबदला आणि पुनर्वसन या प्रश्नांवर शेतकऱ्यांचा जो लढा झाला, त्याचे नेतृत्व जासईतच जन्मलेल्या दि. बा. पाटील (१९२६-२०१३) यांनी केले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ या दोन दिवसांत जासईजवळ आणि नवघर येथे झालेल्या पोलीस गोळीबारात पाच शेतकरी मरण पावले. या लढ्यामुळे पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन मूळ मालकाला परत देण्याचे धोरण आले. १६ जानेवारीला जासईत आजही हुतात्म्यांना अभिवादन केले जाते. नवी मुंबईच्या विमानतळाला दि. बा. पाटील यांचे नाव द्यावे, यासाठी जून २०२१ मध्ये हजारो लोक रस्त्यावर उतरले, ते याच आठवणीच्या बळावर.

आता आपल्या विषयाच्या दृष्टीने एक गोष्ट लक्षात घेऊ. आज या भागात ‘प्रकल्पग्रस्त’ हा शब्द एखाद्या जातीच्या किंवा गावाच्या नावासारखा वापरला जातो. ‘आम्ही प्रकल्पग्रस्त’ असे लोक अभिमानाने आणि दुःखानेही म्हणतात. परंतु १९७०च्या आधी या अर्थाचा एकही ‘प्रकल्पग्रस्त’ येथे नव्हता. त्या वेळचा माणूस आपली ओळख सांगताना गाव, आळी, जात, धंदा आणि देवस्थान सांगत असे. ९५ गावांतल्या लोकांना एका समूहात आणले ते सर्वांच्या दारी एकाच वेळी आलेल्या सरकारी नोटिशीने, आणि नंतर गोळीबाराच्या आठवणीने.

या नव्या समूहाची हद्दही निसर्गाने आखलेली नाही. साडेबारा टक्क्यांचा हिशेब संपादित जमिनीवरून होतो. म्हणजे ज्याचे नाव सातबाऱ्यावर, तो आत आला. त्याच शेतात पिढ्यान्‌पिढ्या मजुरी करणारा, पण नावावर जमीन नसलेला माणूस या हिशेबात बाहेर राहिला. जमिनीबरोबर रोजगार त्याचाही गेला होता.

त्याआधीची रेषा

जासईपासून फार दूर नसलेल्या चिरनेर गावी २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रह झाला. जंगलावरील सरकारी निर्बंधांविरुद्ध लोक अक्कादेवीच्या माळरानाकडे निघाले होते. गोळीबारात आठ सत्याग्रही मारले गेले. त्या आठ जणांच्या यादीत पाटील आणि म्हात्रे आहेत, तसेच कोळी, न्हावी आणि कातकरी ही नावेही आहेत. जंगलावर ज्यांचे जगणे थोडेबहुत अवलंबून होते असे सगळे त्या दिवशी ‘आपण’ झाले होते आणि रेषेच्या पलीकडे इंग्रज सरकार होते. १९३० चा ‘आपण’ आणि १९८४ चा ‘आपण’ यांची हद्द एकच नव्हती. आठवण करून देणारी घटना बदलली, की समूहाचा आकारही बदलतो.

आणखी मागे गेले तर काय दिसते? उत्तर कोकणातल्या अनेक समाजांच्या परंपरेत आपण घाटावरून, मुंगी-पैठणच्या बाजूने आल्याच्या कथा आहेत. आगरी समाजातही अशी कथा सांगितली जाते. या कथांतला इतिहास किती आणि दंतकथा किती, हा वेगळा विषय. पण आज ‘भूमिपुत्र’ म्हणवणाऱ्या समाजांनाही स्वतःच्या येण्याची गोष्ट सांगावीशी वाटते, हे महत्त्वाचे आहे. ‘मूळचे कुठले?’ या प्रश्नाचे उत्तर आपण मोजणी कोणत्या वर्षापासून सुरू करतो यावर ठरते.

रेषा किती सहज आखली जाते

इथे कोणी म्हणेल, की जमीन गेली, माणसे मेली, तेव्हा समूह बनणारच. त्यासाठी मोठी कारणे लागतात. मानसशास्त्रातले दोन प्रसिद्ध प्रयोग मात्र याबाबत विचार करायला लावतात.

पहिला मुझफर शेरीफ यांचा. तुर्कस्तानात जन्मलेल्या या शास्त्रज्ञाने १९५४ साली अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यातल्या एका उद्यानात अकरा-बारा वर्षांच्या २२ मुलांचे शिबिर घेतले. सर्व मुले एकाच धर्माची, एकाच वर्गातली, एकमेकांना अनोळखी होती. त्यांचे दोन गट केले. गटांनी स्वतःला नावे घेतली, झेंडे केले. मग बक्षिसांसाठी स्पर्धा लावल्या. थोड्याच दिवसांत शिवीगाळ, झेंडे जाळणे, रात्री दुसऱ्याच्या खोलीवर धाड घालणे असे प्रकार सुरू झाले. मारामारीची वेळ आली. मुलांत कोणताही जुना वैरभाव नव्हता. एकाला मिळाले तर दुसऱ्याला मिळणार नाही, अशी परिस्थिती तेवढी तयार केली होती.

दुसरा प्रयोग हेन्री ताइफेल यांचा. ते पोलंडमधले ज्यू. दुसऱ्या महायुद्धात ते युद्धकैदी होते. युद्ध संपल्यावर परत आले तेव्हा त्यांचे जवळचे कुटुंबीय उरले नव्हते. माणसे अशी का वागतात हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर धरून ठेवला. सत्तरच्या सुमारास इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात त्यांनी चौदा-पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलांना अगदी क्षुल्लक कारणाने दोन गटांत टाकले. पडद्यावरच्या ठिपक्यांचा अंदाज कोणी जास्त केला, कोणी कमी, एवढेच कारण. गटात कोण आहे हे मुलांना ठाऊक नव्हते आणि स्पर्धाही नव्हती. मग प्रत्येकाला इतरांमध्ये थोडे पैसे वाटायला सांगितले. मुलांनी आपल्या गटाला झुकते माप दिले. आश्चर्याची गोष्ट ही, की आपल्या गटाला थोडे कमी मिळाले तरी चालेल, पण दुसऱ्या गटापेक्षा जास्त मिळाले पाहिजे, अशी निवड अनेकांनी केली.

दोन्ही प्रयोगांतून निघणारा निष्कर्ष असा, की ‘आपण’ आणि ‘ते’ अशी विभागणी करण्याची तयारी माणसात असते, परंतु कोणाला कोणत्या बाजूस ठेवायचे याची यादी जन्मतः मिळत नाही. ती यादी इतिहास पुरवतो.

नवे लोक आणि जुने शब्द

नवे शहर झाल्यावर माणसे येणारच होती. मुंबईतल्या घाऊक बाजारपेठा टप्प्याटप्प्याने वाशीला हलवण्यात आल्या. त्यांच्यामागे माथाडी कामगार आले. त्यांतले पुष्कळसे सातारा, सांगली, पुणे या घाटावरच्या जिल्ह्यांतले. बंदरामुळे गोदामे आणि कंटेनर यार्ड उभी राहिली. ट्रकचालक, मेकॅनिक, हॉटेलवाले, बांधकाम मजूर उत्तरेतून, पूर्वेतून, मराठवाड्यातून आले. मुंबईतल्या खोलीचे भाडे न परवडणारी कुटुंबे आली.

यातला ‘घाटी’ हा शब्द पाहण्यासारखा आहे. मुळात तो भूगोलाचा शब्द आहे. घाटावरचा तो घाटी. मुंबईत आणि कोकणात घाटावरून माणूस येत असे तो बहुधा दुष्काळ किंवा तुटपुंजी शेती मागे टाकून, आणि येथे त्याला ओझी उचलण्याचे, गिरणीतले, घरकामाचे काम मिळे. हळूहळू शब्दाला त्या कामाचा वास लागला. मग ‘घाटी’ म्हणजे अडाणी, गबाळा असा अर्थ झाला, आणि मुंबईतले अमराठी लोक तर सगळ्याच मराठी माणसांना ‘घाटी’ म्हणू लागले. ज्या कोकणी माणसाने हा शब्द घाटावरच्यासाठी वापरला, त्याच्यावरच तो उलटला.

रोखही असाच सरकतो. १९६०च्या दशकात मुंबईत कचेऱ्यांमधल्या नोकऱ्यांवरून रोष होता तो दाक्षिणात्यांवर. पुढच्या काळात तो उत्तर भारतीय टॅक्सीचालक आणि फेरीवाल्यांकडे वळला. या दोन समूहांत भाषेचे, चालीरीतींचे साम्य फारसे नाही. साम्य आहे ते एवढेच, की त्या त्या काळात जे काम चुरशीचे होते त्या कामात ते दिसत होते.

परिस्थितीचा स्वभाव होतो तो असा

पूर्वग्रह तयार होण्याची एक ठरावीक रीत आहे. समाजमानसशास्त्रज्ञ थॉमस पेटिग्र्यू यांनी १९७९ मध्ये ती नेमकी मांडली. आपल्या माणसाने काही वाईट केले तर आपण परिस्थितीकडे बोट दाखवतो. दुसऱ्या समूहातल्या माणसाने तेच केले तर त्याच्या स्वभावाकडे, त्याच्या रक्ताकडे. चांगल्या गोष्टीबाबत याच्या उलट करतो.

नवी मुंबईतच याचे ठळक उदाहरण आहे. मूळ गावांमध्ये परवानगीशिवाय उभी राहिलेली घरे आणि इमारती आहेत. नव्या वसाहतीतला माणूस त्यांना ‘अनधिकृत’ म्हणतो आणि पुढे जोडतो, ‘या लोकांना कायद्याची पर्वाच नाही.’ गावातला माणूस त्याच घरांना ‘गरजेपोटी बांधलेली घरे’ म्हणतो. त्याचे म्हणणे असे, की आजूबाजूची जमीन संपादनात गेली, गावठाणाचा विस्तार वेळेवर झाला नाही, पण कुटुंबे वाढतच राहिली. मुलाचे लग्न झाले, नातवंडे झाली, तेव्हा घर कुठे बांधायचे? पहिला माणूस स्वभाव पाहतो, दुसरा परिस्थिती. गरजेच्या नावाखाली नफ्यासाठी बांधलेल्या इमारती नाहीत असे नाही. परंतु एका बाजूला संपूर्ण समूहाचा स्वभाव ठरवून टाकणे आणि दुसऱ्या बाजूला प्रत्येक इमारतीला गरज म्हणणे, या दोन्हींमुळे प्रत्यक्ष काय घडले याचा शोध थांबतो.

आता नाण्याची दुसरी बाजू पाहा. ट्रकच्या केबिनमध्ये झोपणाऱ्या, रस्त्याकडेला स्वयंपाक करणाऱ्या चालकाबद्दल गावात म्हटले जाते, ‘हे लोक घाणेरडे.’ पण त्याला आंघोळीची, शौचाची, मुक्कामाची सोय कोणी केली आहे का, हे विचारले जात नाही. बंदराबाहेर ताटकळत थांबलेला माणूस कोणत्याही प्रांतातला असता, अगदी उरणचा असता, तरी असाच राहिला असता.

तीच माणसे, दोन ठिकाणे

हे खरेच परिस्थितीने घडते, की समूहांचे काही अंगभूत गुण असतात, हे तपासायचे तर तोच समूह दोन वेगळ्या ठिकाणी ठेवून पाहायला हवा. असा प्रयोग कोणी मुद्दाम करू शकत नाही. पण इतिहासाने तो केलेला आहे, आणि तोही रायगड जिल्ह्यातल्याच एका समाजावर.

बेने इस्रायली हे कोकणातले ज्यू. त्यांच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नौगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आले. ते तेल गाळण्याचा धंदा करीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले. मराठी बोलणारी, कोकणातल्या गावांवरून आडनावे घेणारी ही माणसे शेजाऱ्यांपासून ओळखू येत ती सुटीच्या वारावरून. पनवेलमध्ये त्यांचे प्रार्थनामंदिर आजही आहे.

१९४८ नंतर यांतले बहुसंख्य इस्रायलला गेले. येथे जे ज्यू म्हणून वेगळे होते, ते तिथे भारतीय म्हणून वेगळे ठरले. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीस तिथल्या धर्माधिकाऱ्यांनी त्यांच्या विवाहांबाबत वंशाची चौकशी करण्याचा आदेश काढला. ते पुरेसे ज्यू आहेत का, अशी शंका घेतली. बेने इस्रायलींनी मोठे आंदोलन केले. १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचे जाहीर केले आणि आदेश बदलावा लागला. माणसे तीच, रूढी त्याच. आजूबाजूचे लोक बदलले आणि त्यांच्याभोवतीची रेषा बदलली.

२०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात बेने इस्रायलींत ज्यू आणि भारतीय असे दोन्ही वारसे आढळले. यात नवल नाही. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेने परदेशी शास्त्रज्ञांसह केलेल्या २००९ आणि २०१३ च्या अभ्यासांनुसार भारतातले जवळजवळ सर्व समाज किमान दोन प्राचीन लोकसमूहांच्या संकरातून झालेले आहेत, आणि हा संकर साधारण ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात मोठ्या प्रमाणावर झाला. त्यानंतर जातीतल्या जातीत लग्नाची प्रथा घट्ट झाली. मानवजातीतल्या एकूण जनुकीय फरकांपैकी सुमारे ८५ टक्के फरक एकाच लोकसमूहातल्या व्यक्तीव्यक्तींमध्ये आढळतात, हे रिचर्ड लेवॉन्टिन यांनी १९७२ मध्येच दाखवले होते. ‘रक्तातच आहे’ हे वाक्य ज्या अर्थाने आपण वापरतो, त्याला विज्ञानाचा आधार नाही.

मग आठवण विसरायची का?

असे सांगितले की एक आक्षेप हमखास येतो. ओळख ही इतिहासाने घडलेली आहे असे म्हणणे म्हणजे ती खोटी आहे, असे का? जासईच्या लोकांनी १९८४ विसरावे का?

मुळीच नाही. मनोरा माणसांनी बांधलेला असतो म्हणून तो खोटा नसतो. जमीन गेली हे खरे आहे, गोळ्या झाडल्या गेल्या हे खरे आहे. संघटित आठवणीशिवाय साडेबारा टक्के मिळाले नसते. तक्रार आणि पूर्वग्रह यांत मात्र फरक आहे, आणि तो मुलांना समजावून द्यावा असे आम्हांला वाटते. तक्रारीला पत्ता असतो. कोणता निर्णय, कोणी घेतला, कोणत्या साली, काय द्यायचे राहिले, हे तिच्यात सांगता येते, आणि ते दिले की ती मिटू शकते. पूर्वग्रहाला असा पत्ता नसतो. भूसंपादनाचा निर्णय ज्यांनी घेतला ते गावात राहायला आले नाहीत. जो आला तो बहुधा स्वतःच्या गावी असेच काही गमावून आला. निर्णयावरचा राग शेजाऱ्यावर निघाला, की निर्णय घेणारा सुटतो आणि शेजारीही जातो. उलट, नव्या वसाहतीतल्या ज्या मुलाला आपल्या इमारतीखाली कोणाचे भाताचे शेत होते हे कधी सांगितलेच गेले नाही, त्याला गावातला माणूस उगाच चिडका वाटतो.

वर्गात काय करता येईल?

नुसते ‘सारे भारतीय माझे बांधव आहेत’ म्हणून घेतल्याने फारसे होत नाही, हे शिक्षक जाणतात. गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्येच सांगितले होते, की वेगळ्या समूहांतली माणसे एकत्र आली म्हणजे पूर्वग्रह आपोआप जात नाही. दोघांचा दर्जा समान हवा, उद्दिष्ट एकच हवे, ते एकमेकांच्या मदतीशिवाय साधणारे नसावे आणि अधिकारी व्यक्तींचा पाठिंबा हवा. पुढे पाचशेहून अधिक अभ्यास एकत्र तपासल्यावर संपर्काने पूर्वग्रह कमी होतो, आणि या अटी असतील तर अधिक कमी होतो, असे आढळले. शेरीफ यांच्या शिबिरातही दोन गटांना एकत्र जेवायला बसवून भांडण मिटले नाही. तेव्हा त्यांनी एकमेकांवर अन्न फेकले. पाण्याचा पुरवठा बंद पडला, अडकलेला ट्रक सर्वांनी मिळून दोराने ओढावा लागला, तेव्हा मैत्री सुरू झाली. वर्गात अशा कामांची वाण नाही. मात्र गट पाडताना मुले आपापल्या आळीप्रमाणे बसणार नाहीत, एवढे पाहावे.

दोन उपक्रम सुचवतो. पहिला : प्रत्येक मुलाने घरातल्या वयस्कर माणसाला विचारावे, की तुमचा जन्म कुठला, तुमच्या वडिलांचे काम काय होते, गाव सोडले असेल तर का, सोडले नसेल तर गावात काय बदलले. जात विचारू नये, आणि ज्याला सांगायचे नाही त्याला आग्रह करू नये. उत्तरे महाराष्ट्राच्या आणि भारताच्या नकाशावर मांडावीत. दुष्काळ, धरण, गिरणीचा संप, लग्न, बंदर अशी कारणे त्यात दिसू लागतात, आणि ती समूहांच्या हद्दी ओलांडून सारखी निघतात.

दुसरा : ‘ते लोक असेच’ अशी ऐकलेली वाक्ये मुलांनी नावांशिवाय लिहून आणावीत. ज्या समूहाची मुले वर्गात आहेत त्यांना ती टोचणार नाहीत, याची काळजी शिक्षकांनी घ्यावी. शक्यतो सुरुवात स्वतःच्या समूहाबद्दल ऐकलेल्या वाक्यापासून करावी. प्रत्येक वाक्याला तीन प्रश्न विचारावेत. हे कधीपासून असे आहे? तेव्हा काय घडले होते? त्या परिस्थितीत आपण असतो तर काय केले असते?

बहुतेक वाक्ये तिसऱ्या प्रश्नापर्यंत टिकत नाहीत. जी टिकतील त्यांच्यावर वर्गात पुढे चर्चा करता येईल.